पहिल्या तुंब्याचे आभार

“तुंबा हातात दिला, की हा कमरेतून वाकून आभार मानणार, ग्रासियास,” टेक्ला सांगत होती. “एवढा उंच माणूस, सकाळचा गारठा, शेडमध्ये डोळे झोंबणारा धूर, आणि चेहरा असा की मी याला येर्बा नाही, पदक दिलंय. मी म्हटलं, नको असेल बिचाऱ्याला. पुढच्या फेरीला गाळला. त्याच्या पुढच्या फेरीला गाळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अख्खा हिवाळा याने रोजच्या एका तुंब्यावर काढला, पण तोंडातून ब्र नाही.”

पाहुणे हसले. आमच्या ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत ते थोडे अवघडून बसले होते. नाव ओयुएला. पोसादासच्या न्यायालयातून आलो आहे, दॉन ब्रूनोंच्या कागदपत्रांतल्या काही गोष्टी ताडून पाहायच्या आहेत, असे त्यांनी दारातच सांगितले होते. टेक्लाला वाटले पेन्शनचे काम. पेन्शनवाले दर वर्षी ब्रूनो जिवंत आहे की नाही ते पाहायला कोणाला तरी पाठवत. म्हणून तिने त्यांना बसवले, भोपळ्याच्या एकाच तुंब्यातून नळीने आळीपाळीने प्यायच्या येर्बाच्या कडू चहासाठी किटली ठेवली, आणि ब्रूनो शेडवरून येईपर्यंत पाहुणा कंटाळू नये म्हणून आपल्या लग्नाची गोष्ट काढली.

मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलो होतो. टेक्ला माझी थोरली बहीण, ब्रूनो तिचा नवरा. मी, कासिमिरो, गावच्या ग्रंथालयात नोकरी केली, लग्न केले नाही, आणि बहिणीच्या घरात मागच्या खोलीत राहतो. ही गोष्ट मी लग्नांत, बारशांत, सहकारी संस्थेच्या जेवणावळींत इतक्या वेळा ऐकली होती की ती कुठे थांबते, कुठे पदराने डोळे पुसल्यासारखा अॅप्रन डोळ्यांना लावते, हे मला पाठ होते.

“मग?” ओयुएलांनी विचारले.

“मग काय. हिवाळा सरत आला तेव्हा माझं लक्ष गेलं. तुंबा दुसऱ्याच्या हातात जातोय आणि याचे डोळे त्याच्यामागून जातायत. हाडामागे कुत्र्याचे जातात ना, तसे. मी म्हटलं, अहो दॉन ब्रूनो, हवी असेल तर ग्रासियास म्हणू नका. ग्रासियास म्हणजे पुरे. हवी असेल तर गप्प प्यायची आणि तुंबा परत द्यायचा. लाल झाला हो, पार कानांपर्यंत. त्या दिवशी किटली संपवली त्याने. आणि पुढच्या ईस्टरला माझ्याशी लग्न केलं. आता तुम्हीच सांगा, आभार मानायचं सोडलं म्हणून बायको मिळाली, असा दुसरा माणूस आहे का या प्रांतात?”

ती हसली. ओयुएलाही हसले, पण त्यांचे हसू मध्येच कुठेतरी राहिले.

“दॉन ब्रूनो मूळचे कुठले म्हणालात?”

“एन्त्रे रिओसचे. तिथल्या जर्मन वस्तीतले.”

“जन्म तिथलाच?”

“मग? कागदावर आहे की.”

ओयुएलांनी नळी ओठांत धरून तुंबा तळापर्यंत ओढला. “माझी आई एन्त्रे रिओसची,” ते म्हणाले. “तिकडे पोरांचं दूध सुटायच्या आधी त्यांच्या तोंडात ही नळी असते. जर्मनांच्या पोरांच्यासुद्धा.”

टेक्ला अजून हसतच होती. ती म्हणाली, आम्ही तेच तर म्हणतो, याच्या वस्तीत दगड उकळून पीत असतील. हे वाक्यही गोष्टीतलेच होते. या वाक्याला नेहमी सगळे हसत.

ओयुएलांनी तुंबा तिच्या हातात परत दिला.

“ग्रासियास, दोन्या टेक्ला,” ते म्हणाले आणि उठले. ब्रूनोची वाट न पाहता गेले.

टेक्लाचा हात किटलीच्या कानावर तसाच राहिला. मला त्या वेळी काही उमगले असे मी म्हणणार नाही. मला एवढेच आठवते की मी पुस्तकाचे पान उलटले आणि ते आधीच वाचलेले निघाले.

*

ब्रूनो डेनिंग गावात आला तेव्हा युद्ध संपून तीन-चार वर्षे झाली असतील. आमची वस्ती पोलिश आणि युक्रेनी शेतकऱ्यांची, मजूर इथलेच, गुआरानी बोलणारे. कोणी नवीन आला की कुठून आला हे आम्ही एकदा विचारतो, पुन्हा विचारत नाही. आमचे आजोबा काय सोडून आले तेही आम्हाला धड माहीत नाही.

त्याला येर्बाच्या सुकवणीच्या शेडवर काम मिळाले, जिथे टेक्ला मजुरांना तुंबा भरून देई, पुढे काट्यावर. मजूर दिवसभर हिरवी पाने तोडून गाठोडी घेऊन येत, ती तो तोलायचा. इतर शेडवर काटेवाले वजन कमी भरावे म्हणून गाठोड्याला खालून गुडघा लावत, पाने ओली म्हणून वजन कापत. ब्रूनोने ते कधी केले नाही. आजूबाजूच्या मळ्यांतले मजूर वाट वाकडी करून आमच्या शेडवर येत, ते त्याच्या काट्यासाठी.

आणखी एक गोष्ट. तो मजुरांना रांग लावू देत नसे. गाठोडी टाका, झाडाखाली सावलीत बसा, मी हाक मारीन, असे सांगे, आणि प्रत्येकाला नावाने हाक मारी. कोणी उत्साहाने एकामागे एक उभे राहिलेच तर तो काटा सोडून शेडच्या मागे निघून जाई आणि लोक पांगल्यावर परत येई. आम्ही म्हणायचो, मनाचा मोठा आहे, गरिबाला ताटकळत उभे राहिलेले बघवत नाही त्याला. आता याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे.

मूलबाळ झाले नाही. घरामागे तो वाटाणे लावी. माझ्याशी थोडके बोले, पण मी नवीन पुस्तकांच्या पेट्या आणायला निघालो की न सांगता गाडीचा दांडा धरायला येई. पुस्तक मात्र त्याने कधी नेले नाही. नेले असते तर मला बरे वाटले असते, एवढीच माझी त्याच्याबद्दल तक्रार होती.

ओयुएला येऊन गेले त्यानंतरच्या आठवड्यात त्याला अटक झाली. निवृत्त झाला तरी तोडणीच्या दिवसांत तो रोज काट्याजवळ जाऊन बसे. दोन पोलीस आले. त्यातला एक एलेउतेरिओचा मुलगा. एलेउतेरिओ म्हणजे आमच्या शेडवरचा सगळ्यात जुना तोडणीवाला. मुलाने टोपी काढून सांगितले, दॉन ब्रूनो, तुम्हाला आमच्याबरोबर यावं लागेल. ब्रूनोने विचारले नाही, कशासाठी. काट्यावर एक गाठोडे होते. तो म्हणाला, एवढं होऊ दे. नव्या काटेवाल्याने वजन सांगितले, ब्रूनोने वाकून पाहिले, बरोबर आहे म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात सगळे आले. ब्रूनो डेनिंग नावाचा मुलगा एन्त्रे रिओसमध्ये जन्मला होता खरा, पण तो तरुणपणीच वारला. त्याचे नाव घेऊन जो जगतो आहे तो एगॉन त्सील्के, जर्मन अधिकारी. पोलंडच्या पूर्व भागात एका लहान गावाबाहेर विटांची भट्टी होती. तिथे त्या गावातल्या ज्यू लोकांना एका सकाळी नेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांतले कोणी उरले नाही. कोणी कुठे उभे राहायचे ते हा अधिकारी सांगत होता. सोबत फोटो होता, गणवेशातल्या एका तरुणाचा. मी तो भिंगाखाली धरला. कान ब्रूनोचा वाटला. मग भिंग हलवले तर वाटेना. टेक्लाने फोटो पाहिला नाही. पेपर घडी करून टेबलाचा पाय डुगडुगत होता त्याखाली ठेवला.

गावात दोन मते झाली, मग चार झाली. सगळी बनवाबनवी आहे असे काही म्हणत, आम्हाला पहिल्यापासून संशय होता असे काही. ज्यांना पहिल्यापासून संशय होता, ते काल-परवापर्यंत त्याच्या हातचे वाटाणे फुकट नेत होते. बेकरीवाली ओतिलिया टेक्लाला पाव देताना म्हणाली, “तुझ्या त्या गोष्टीनेच घालवला गं त्याला. चांगला हसत-खेळत होता.” एलेउतेरिओ फाटकाशी आला, आत आला नाही. तो म्हणाला, “दोन्या टेक्ला, काटा सरळ होता. बाकीचं मला वाचता येत नाही.”

*

ब्रूनोने न्यायालयात एकच सांगितले. मी ब्रूनो डेनिंग, एन्त्रे रिओसचा. 

त्याचे वकील बेनेगास पोसादासहून घरी आले. नीटनेटके गृहस्थ, बोलणे मऊ. त्यांनी टेक्लाला समजावून सांगितले. यांचे कागद पक्के आहेत, आणि तो मुलगा वारल्याची नोंद दुसऱ्याच कोणाची म्हणता येईल. लहानपणचा ब्रूनो पाहिलेले कोणी हयात नाही. भट्टीतून वाचलेली एक बाई बुएनोस आयरेसला आहे, पण ती तेव्हा पोर होती, चेहरा शपथेवर सांगता येणार नाही असे ती स्वतःच म्हणते आहे. तो डेनिंग ठरला, की त्सील्के नाही, आणि त्सील्के नाही, की खटला संपला.

“राहता राहिली ती तुमची येर्बाची गोष्ट,” ते म्हणाले. “इथे जन्मलेला माणूस तुंब्याला ग्रासियास म्हणणार नाही, हे न्यायाधीशांना कोणी पटवून द्यायला नको. ते स्वतः पितात. तेव्हा तुम्ही एवढंच सांगायचं, की ती गंमत म्हणून रचली होती. नवऱ्याची चेष्टा. बायका करतात. किंवा तो दुसराच कोणी होता, एखादा स्विस वगैरे, आणि तुम्ही हसवायला म्हणून यांच्या नावावर खपवली.”

“म्हणजे माझं लग्न कसं जमलं ते खोटं म्हणायचं.”

“तेवढंच.”

“माझ्याकडे आहेच तेवढं,” टेक्ला म्हणाली.

वकील गेल्यावर ती बराच वेळ टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करत बसली. मग माझ्याकडे वळली. “तू होतास ना रे शेडवर? डबा घेऊन यायचास. तू पाहिलंयस.”

मी हो म्हणणार होतो. ब्रूनोचे वाकणे मला दिसते. त्याचे लाल झालेले कान दिसतात. पण मी जितका नीट पाहू लागलो तितके माझ्या लक्षात येऊ लागले की हे सगळे मला किटलीच्या बाजूने दिसते आहे. किटलीचा कान माझ्याच हातात असल्यासारखे. तिथे तर टेक्ला उभी असे. मी उभा असलो तर दाराशी असणार, आणि दारातून ब्रूनोची पाठ दिसली असती.

“मला नक्की सांगता येत नाही,” मी म्हणालो. “मी पाहिलंय की तुझ्याकडून ऐकलंय, ते.”

“एवढी पुस्तकं वाचलीस,” ती म्हणाली. रागाने नव्हे. जरा वेळाने तिने विचारले, “मग मी तरी पाहिलंय का?”

 मी तिला म्हणालो की ज्यावर लोक इतकी वर्षे हसले ते खोटे कसे असेल. म्हणालो आणि लगेच वाटले, यात काही अर्थ नाही. हसलो म्हणूनच तर कोणी नीट पाहिले नाही. एन्त्रे रिओसचा माणूस आणि त्याला तुंब्याची रीत माहीत नाही, हे आमच्या ओसरीवर शेकडो माणसांनी ऐकले असेल. सगळे हसले आणि जेवायला बसले.

त्या आठवड्यात ती ब्रूनोला भेटायला पोसादासला गेली. मी बाहेर बाकावर थांबलो. परतताना बसमध्ये तिने सांगितले. तिने त्याला विचारले होते, तू बोटीने आलास का, एवढंच सांग. तो म्हणाला, वाटाण्याचे वेल आता बांधायला हवेत, वारा सुटेल. तिने पुन्हा विचारले. तेव्हा तो म्हणाला, टेक्ला, इथे आल्यापासून मी कोणाचं काही घेतलं नाही.

“मी विचारलं काय आणि त्याने सांगितलं काय,” ती म्हणाली.  लाल मातीची धूळ खिडकीच्या काचेवर बाहेरून बसत होती आणि टेक्ला ती आतून पुसत होती.

*

साक्षीच्या दिवसापर्यंत टेक्लाने काय सांगायचे ते ठरवले नव्हते. निदान मला तसे वाटते. सकाळी निघताना तिने थर्मास भरून घेतला, पिशवीत येर्बा, तुंबा, चिपाची, म्हणजे चीज घातलेल्या गोल पावाची, चार कडी घेतली. न्यायालयाच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. तिथे आधीच एक बारीकशी बाई बसली होती, करडा कोट, पायांशी लहान बॅग. टेक्ला तिच्या शेजारी बसली, टेक्लाच्या पलीकडे मी.

बसल्यावर हातांना काहीतरी हवे म्हणून टेक्लाने तुंबा भरला. पहिला स्वतः प्यायली, दुसरा सवयीने शेजारच्या बाईपुढे केला. बाईने घेतला, नळीतून सुरसुर आवाज येईपर्यंत प्यायली आणि काही न बोलता परत दिला. टेक्लाने मला दिला, मग पुन्हा तिला.

“कडू चालते तुम्हाला,” टेक्ला म्हणाली. “राजधानीची माणसं साखर मागतात.”

“मला शिकवलं ते कडूच. शिवणकामाच्या कारखान्यात.”

तिचे उच्चार आमच्या आजीसारखे होते. टेक्लालाही ते जाणवले असावे. तिने विचारले, “बोटीने आलात?”

“सत्तेचाळीस साली. काकाबरोबर.” बाई जरा हसली. “पहिले दोन महिने मला एकच तुंबा मिळायचा. सगळ्या बायका घटाघटा पितायत आणि माझ्या हातात एकदाच. मी ग्रासियास म्हणायची ना. कोणी सांगितलंच नाही.”

टेक्लाचा ओतता हात थांबला.

“तुम्ही मागितलं नाहीत?”

“मागायचं असतं हे डोक्यातच नव्हतं. मला वाटलं, इथेही मोजून देतात.” तिने कोटावरची येर्बाची काडी झटकली. “मग एका म्हातारीने सांगितलं. बोटीने आलेले सगळेच म्हणतात, म्हणाली. एकूण एक. त्यावरून ओळखू येतात.”

व्हरांड्यातून कोणीतरी कागदांचा गठ्ठा घेऊन गेले. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. मला वाटत होते की टेक्लाने आता काही विचारू नये, आणि तिने विचारले.

“तुमचं इथे काय काम आहे?”

“वीटभट्टीचं. माझे दोन भाऊ होते तिथे, रांगेत. मी लहान म्हणून आईने मला पलीकडच्या विटांच्या ढिगामागे बसवलं होतं.” मग तिने सहज विचारले, “आणि तुमचं?”

टेक्लाने भरलेला तुंबा तिच्या हातात दिला. मग म्हणाली, “मी त्याची बायको.”

बाईच्या हातात तुंबा होता. तिने तो खाली ठेवला नाही. तिने टेक्लाकडे पाहिले, मग तुंब्यात पाहिले, आणि नळी ओठांना लावली. फार सावकाश प्यायली. शेवटी सुरसुर आवाज आला. तिने तुंबा पुढे केला.

काही म्हणाली नाही.

म्हणजे तो पुन्हा भरायला हवा होता. टेक्लाने भरायला घेतला, तेवढ्यात दार उघडून शिपायाने तिचे नाव पुकारले. टेक्ला डेनिंग. ती उठली, अॅप्रन नव्हता तरी पोटावरून हात फिरवला, आणि थर्मास माझ्या मांडीवर ठेवला.

“तिला देत राहा, कासी,” ती म्हणाली आणि आत गेली.

त्यामुळे माझ्या बहिणीची साक्ष मी ऐकली नाही. आयुष्यात मी कधी येर्बा ओतली नव्हती, नेहमी दुसऱ्यांनी ओतलेली प्यालो. पाणी तुंब्याबाहेर गेले, माझ्या बोटांवर गेले.  बाई परत देई, मी भरी. तिचे नाव काय हे विचारायचे मला सुचले नाही. नंतर पेपरमध्ये वाचले, फेइगा.

आत काय झाले ते मला ओयुएलांनी सांगितले. टेक्लाने ती गोष्ट ओसरीवर सांगितली होती तशीच सांगितली. जिथे थांबायची तिथे थांबली. पदकाचे म्हणाली, कुत्र्याचे आणि हाडाचे म्हणाली. कोणी हसले नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी हसले नसेल. कानांपर्यंत लाल झाला, इथे येऊन ती गप्प झाली. न्यायाधीशांनी विचारले, एवढंच? ती म्हणाली, “त्यानंतर माझं लग्न झालं.” वकिलांनी उठून विचारले, की ही गंमत म्हणून रचलेली गोष्ट आहे ना, बाई? टेक्ला म्हणाली, गंमत होती, पण रचलेली नव्हती.

ब्रूनो काय करत होता, मी ओयुएलांना विचारले. ते म्हणाले, ऐकत होता. पुढचे माहीत असल्यासारखा.

*

त्याला तुरुंगात परत नेण्याआधी आम्हाला थोडा वेळ भेटू दिले. आडबाजूची खोली, टेबल, तीन खुर्च्या, दाराशी पहारेकरी. ब्रूनो बसला होता, हात मांडीवर. कॉलरचे बटण तुटले होते. टेक्ला त्याच्या समोर बसली, मी तिच्या बाजूला. ती रागावेल, तो रागावेल, कोणीतरी रडेल, असे मला वाटत होते. तिने माझ्याकडे हात पुढे केला. मी थर्मास दिला.

पाणी कोमट झाले असणार. तिने तुंबा भरला आणि त्याला दिला. तो प्यायला, तळापर्यंत, आवाज येईपर्यंत. रिकाम्या तुंब्याकडे त्याने पाहिले. मग बसल्या जागी, टेबलावरून, कमरेतून जरा वाकला आणि तो तिच्या हातात दिला.

“ग्रासियास, टेक्ला,” तो म्हणाला.

लग्नानंतर हा शब्द त्याने तुंब्याला कधी लावला नव्हता. पुरे झाली की तो खुर्ची मागे सरकवी, आम्ही समजत असू.

टेक्ला तुंबा धरून बसून राहिली. थर्मासमध्ये पाणी होते. पहारेकऱ्याने भिंतीकडे तोंड केले. मग तिने झाकण फिरवले आणि पुन्हा भरला, हळूहळू, काठापर्यंत. मला वाटते ब्रूनोचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला. मी शपथेवर सांगू शकणार नाही. खोलीत उजेड कमी होता, आणि मी तुंब्याकडे पाहत होतो.

तिने तो मला दिला. त्याच्यानंतर माझी पाळी होती.

मी प्यालो.

बसमध्ये निम्मा रस्ता झाल्यावर तिने विचारले, “काय म्हणाला तो?”

“ग्रासियास.”

“ते मी ऐकलं. म्हणाला काय?”

मी विचार केला. एन्त्रे रिओसचा माणूस जे म्हणेल ते तो म्हणाला असेल. किंवा बोटीवरून उतरलेला माणूस जे म्हणेल ते. मला ठरवता आले नाही, आणि मी तिला तसे सांगितले. ती बरं म्हणाली. घरी पोचल्यावर कपडे न बदलता मागे गेली आणि काळोख पडेपर्यंत वाटाण्याचे वेल बांधत होती.

न्यायाधीशांनी ब्रूनोला त्सील्केच ठरवले आणि खटला चालवायला विमानाने समुद्रापलीकडे पाठवले. निकाल लागायच्या आत, दुसऱ्या हिवाळ्यात, तो तुरुंगाच्या दवाखान्यात वारला. तिकडे त्याला दुसऱ्या नावाने पुरले. इथे टेक्ला अजून टेक्ला डेनिंगच आहे. कोणी विचारले तर म्हणते, हे नाव एका एन्त्रे रिओसच्या मुलाचं आहे, तो तरुणपणी गेला, त्याचं कोणीतरी लावायला हवं.

ती गोष्ट तिने पुन्हा सांगितली नाही. आता संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघेच असतो. ती ओतते, मी पितो. आम्ही दोघेही म्हातारे झालो आहोत आणि माझे पोट पूर्वीसारखे राहिले नाही. दोन-तीन तुंब्यांत माझे भागते. पण तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. ओठांपर्यंत येतो आणि मी तिच्याकडे पाहतो, तर ती किटलीचा कान धरून वाट पाहत असते. मी तुंबा तसाच परत देतो. ती भरते. किटली संपेपर्यंत मी पीत राहतो.